सागरी टाकीसाठी मीडिया: आधी मोजमाप, मग खरेदी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत घरगुती सागरी मत्स्यालयांविषयी आलेला लेख मी आवडीने वाचला. मराठी वृत्तपत्रांत गोड्या पाण्यातील गप्पी, मॉली, गोल्डफिश यांच्याविषयी अधूनमधून काही येत असते. पण प्रवाळ, क्लाउनफिश आणि समुद्रफुले घरात सांभाळण्याच्या छंदाची दखल क्वचितच घेतली जाते. म्हणून या लेखाचे मनापासून स्वागत. मात्र त्यात गाळणीविषयी जो सल्ला होता, तो वाचून नव्याने टाकी मांडणाऱ्या वाचकाचे पैसे आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्राणी वाया जातील, अशी काळजी वाटली. उत्तम प्रतीचा रासायनिक मीडिया (पाण्यातले नको ते पदार्थ धरून ठेवणारे दाणे) संपमध्ये, म्हणजे मुख्य टाकीला जोडलेल्या गाळणीच्या टाकीत, ठेवला की पाणी आपोआप निर्मळ राहते, असा त्या सल्ल्याचा आशय होता. दुकानांतही हेच सांगितले जाते आणि ग्राहक कार्बन, फॉस्फेट रिमूव्हर, झिओलाइट (एक सच्छिद्र खनिज), रेझिन (कृत्रिम मणी) असे चार-पाच डबे एकदमच घरी घेऊन जातो.

माझे म्हणणे असे की, प्रत्येक रासायनिक मीडिया ठरावीक पदार्थच पाण्यातून काढतो आणि बाकीच्यांना हातही लावत नाही. त्यामुळे आपल्या पाण्यात नेमके काय वाढले आहे हे मोजल्याशिवाय तो निवडता येत नाही. शिवाय आपल्याकडच्या टाक्यांत जे प्राणी असतात आणि आपल्याकडे जे पाणी येते, ते लक्षात घेतले तर परदेशी टाक्यांसाठी सांगितलेला मीडियाचा प्राधान्यक्रम आपल्याला जसाच्या तसा लागू पडत नाही.

हा दुसरा मुद्दा आधी घेतो, कारण त्याचा विचार फारसा होत नाही. प्रवाळभित्ती बांधणारे सर्व पाषाणी प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतले गेले, म्हणजे त्यांना वाघाच्या बरोबरीचे संरक्षण मिळाले. मुंबईच्या किनारा मार्गाचे काम सुरू असताना वरळी आणि हाजी अली येथील प्रवाळ परवानगी घेऊन दुसरीकडे हलवावे लागले, ते याच कायद्यामुळे. साहजिकच आपल्याकडच्या कायदा पाळणाऱ्या छांदिष्टाच्या टाकीत बहुधा मऊ प्रवाळ असतात: लेदर, मशरूम, झोॲन्थिड, फार तर एखादे समुद्रफूल. या प्राण्यांच्या गरजा वेगळ्या आहेत. अमेरिका-युरोपातील ज्या टाक्यांमध्ये ॲक्रोपोरासारखे नाजूक पाषाणी प्रवाळ असतात, तेथे नायट्रेट आणि फॉस्फेट फार खाली ठेवण्याकडे कल असतो. मऊ प्रवाळांना तेवढे ‘उपाशी’ पाणी मानवत नाही. उलट, हे मऊ प्रवाळ जागेसाठी एकमेकांशी रसायनांनी लढतात. सार्कोफायटॉन म्हणजे आपण ज्याला लेदर म्हणतो ते प्रवाळ टर्पीन वर्गातील विषारी द्रव्ये पाण्यात सोडते आणि बंद टाकीत ती द्रव्ये साचत जाऊन शेजाऱ्यांची वाढ खुंटवतात. समुद्रात लाटांबरोबर जे वाहून जाते, ते दोनशे लिटरच्या काचेच्या पेटीत कुठे जाणार? म्हणून आपल्या टाक्यांसाठी सक्रिय कार्बनचे महत्त्व पाषाणी प्रवाळांच्या टाकीपेक्षा अधिक आहे आणि फॉस्फेट काढणाऱ्या मीडियाचे कमी.

परंतु कार्बनच्याही आधी विचार व्हायला हवा तो टाकीत भरायच्या पाण्याचा. मीठ मिसळण्यापूर्वी पाणी कसे शुद्ध केले, यावर पुढची निम्मी दुखणी अवलंबून असतात, आणि या टप्प्यावरही रासायनिक मीडियाच काम करत असतो. पुष्कळ घरांत स्वयंपाकघरातल्या आरओ यंत्राचेच पाणी वापरले जाते. ते यंत्र माणसाच्या चवीसाठी बनवलेले असते. त्यातला टीडीएस (विरघळलेले क्षार) कंट्रोलर आरओच्या पडद्यातून न गेलेले थोडे पाणी मुद्दाम परत मिसळतो, काही यंत्रांत खनिजे घालणारा कार्ट्रिज असतो, आणि हल्ली तर पाण्यात तांबे उतरवणारी ‘कॉपर’ यंत्रे मोठ्या जाहिराती करून विकली जातात. माणसाला तांब्याचा तो अंश चालतो. कोळंबी, शंख आणि प्रवाळ यांच्यासाठी मात्र त्याहून किती तरी कमी तांबेही घातक असते. अशा यंत्राचे पाणी रोज थोडे थोडे बाष्पीभवन भरून काढण्यासाठी टाकीत जात राहिले, तर बाष्पाबरोबर केवळ पाणी उडते आणि तांबे मागे राहून वाढत जाते. क्लीनर कोळंबी कात टाकताना मरते तेव्हा दोष मिठाला, प्रकाशाला, तापमानाला दिला जातो आणि स्वयंपाकघराकडे कुणाचे लक्षच जात नाही.

सागरी टाकीसाठी साधे, काहीही परत न मिसळणारे आरओ आणि त्यानंतर डीआय (उरलेले क्षार काढणाऱ्या) रेझिनचा कार्ट्रिज ही जोडी हवी. महापालिकेच्या पाण्यातले क्लोरीन आरओचा पडदा खराब करते, म्हणून पडद्याच्या आधी कार्बन ब्लॉक लागतो आणि तो वेळच्या वेळी बदलावा लागतो. पडद्यातून निसटलेले क्षार डीआय रेझिन धरून ठेवते आणि मीटरवर शून्य दिसते. या शून्यावर मात्र पूर्ण विश्वास ठेवू नये. रेझिन संपत आले की त्याने सर्वांत सैल धरलेली सिलिका आधी सुटू लागते, आणि ती पाण्यात जवळजवळ विद्युतभाररहित असल्यामुळे टीडीएस मीटरला ती नीट दिसत नाही. दख्खनच्या बसाल्टमधून येणाऱ्या भूजलात सिलिका असते; म्हणून बोअरवेलच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांमधील छांदिष्टांनी, काचेवर आणि वाळूवर सिलिकावर वाढणाऱ्या सूक्ष्म शैवालांचा तपकिरी थर पुन्हा पुन्हा येत असेल तर, संपसाठी नवा मीडिया आणण्याआधी रेझिनचा रंग पाहावा. रंग बदलणारे रेझिन थोडे महाग पडते, पण ते केव्हा बदलायचे हे डोळ्यांना दिसते.

समुद्राचे पाणी कॅनमधून आणून ते कार्बनमधून गाळून वापरण्याची पद्धतही काही ठिकाणी आहे. मुंबईजवळच्या किनाऱ्याच्या पाण्यात सांडपाण्यातून आलेला अमोनिया, नायट्रेट, फॉस्फेट आणि गाळ असतो. पावसाळ्यात नद्यानाल्यांचे पाणी मिसळून त्याचा खारेपणाही उतरतो. यातली एकही गोष्ट कार्बन दुरुस्त करू शकत नाही.

आता कार्बनकडे येतो. दगडी कोळसा, लिग्नाइट किंवा नारळाची करवंटी जाळून, सुमारे आठशे ते हजार अंश सेल्सिअस तापमानाला वाफेच्या झोतात ठेवली की तिच्या आत असंख्य सूक्ष्म छिद्रे तयार होतात. एका ग्रॅमच्या आतल्या भिंतींचा पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या आसपास भरतो, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे. या पृष्ठभागावर सेंद्रिय रेणू चिकटतात. पण छिद्रे किती रुंद आहेत यावर काय चिकटणार हे ठरते, आणि डब्यावर हे कुणी लिहीत नाही. करवंटीच्या कार्बनमध्ये बहुतांश छिद्रे अतिशय अरुंद असतात. क्लोरीनसारख्या लहान रेणूंसाठी, म्हणजे आरओच्या आधीच्या गाळणीसाठी, तो उत्तम. टाकीचे पाणी ज्यामुळे पिवळसर होते ते खाद्य, शेवाळ आणि विष्ठा यांच्यापासून झालेले रेणू मोठे असतात. त्यांना रुंद छिद्रांचा, दगडी कोळशापासून किंवा लिग्नाइटपासून बनवलेला कार्बन अधिक चांगला पकडतो. करवंटीचा म्हणजे नैसर्गिक, आणि नैसर्गिक म्हणजे प्रवाळांसाठी चांगला, असे सांगून जो महाग विकला जातो तो कार्बन वाईट नसतो; पण त्याचे काम वेगळे असते.

लिग्नाइटच्या कार्बनबाबत एक सावधगिरी सांगायला हवी. तो ठिसूळ असतो आणि त्याची भुकटी पाण्यात पसरते. अमेरिकेतील टोलेडो प्राणिसंग्रहालयात केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, अशा भुकटी सोडणाऱ्या कार्बनच्या पाण्यात ठेवलेल्या सर्जनफिशच्या डोक्यावर आणि अंगाच्या पार्श्वरेषेवर त्वचा झिजून खड्डे पडले. ज्यांच्या टाकीत टँग, म्हणजे सर्जनफिश, आहेत त्यांनी कठीण दाण्यांचा किंवा कांड्यांच्या आकाराचा कार्बन घ्यावा आणि तो आरओच्या पाण्यात, खाली उतरणारे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, धुऊन मगच वापरावा. मी तर म्हणेन की धुतल्याशिवाय कोणताही दाणेदार मीडिया टाकीत जाऊच नये.

कार्बन विकत घेतल्यावर तो कसा आहे हे पाहण्याची एक सोपी चाचणी घरी करता येते. स्वच्छ काचेच्या पेल्यात डीआयचे पाणी घ्यावे, त्यात धुतलेल्या कार्बनचा एक चमचा टाकावा, पेला झाकून रात्रभर ठेवावा, आणि सकाळी वरच्या पाण्यातले फॉस्फेट त्याच डीआयच्या नुसत्या पाण्याशी ताडून पाहावे. काही कार्बन फॉस्फोरिक आम्ल वापरून सक्रिय केलेले असतात आणि ते पाण्यात फॉस्फेट सोडतात. पेल्यातला आकडा नुसत्या पाण्यापेक्षा स्पष्टपणे वर गेला, तर तो कार्बन सागरी टाकीसाठी घेऊ नये. नाहीतर एका डब्यातून फॉस्फेट आत येत राहते आणि ते काढण्यासाठी आपण दुसरा डबा घेत राहतो.

कार्बन केव्हा बदलायचा, या प्रश्नाला दुकानात ‘महिन्याने’ असे ठरलेले उत्तर मिळते. तीन-चार आठवड्यांत त्याच्यावर जीवाणूंचा थर बसतो आणि छिद्रे बुजत जातात, त्यामुळे हे उत्तर साधारणपणे चालते. परंतु याहून चांगली खूण आहे. पांढऱ्या प्लॅस्टिकची एक पट्टी घ्यावी, तिचा अर्धा भाग अगदी फिकट पिवळ्या, पाण्यात न सुटणाऱ्या रंगाने रंगवावा आणि ती टाकीच्या एका टोकाला पाण्यात उभी धरून दुसऱ्या टोकाच्या काचेतून पाहावी. पाणी निर्मळ असेल तर पट्टीचे दोन भाग वेगळे दिसतात. पाण्यात पिवळेपणा साठला असेल तर पांढरा भागही पिवळा दिसू लागतो आणि मधली सीमा ओळखू येत नाही. समोरून, टाकीच्या अरुंद बाजूने पाहताना जो रंग कधीच जाणवत नाही, तो चार फूट पाण्यातून लगेच जाणवतो. जुन्या कार्बनमधून पकडलेली सगळी विषे एके दिवशी पाण्यात सुटतात, अशी जी भीती घातली जाते ती अतिरंजित आहे. तो काम करेनासा होतो, एवढेच बहुधा घडते.

अनेक महिने कार्बन न वापरलेल्या टाकीत एकदम पूर्ण मात्रा घालू नये. पिवळे पाणी निळा प्रकाश अडवत असते. ते दोन दिवसांत निर्मळ झाले की तोच दिवा प्रवाळांना एकाएकी प्रखर होतो आणि ते मिटतात किंवा पांढरे पडू लागतात. अर्ध्याहून कमी मात्रेने सुरुवात करावी, आणि शक्य असल्यास त्या आठवड्यात दिव्याची तीव्रताही उतरवावी. औषधोपचार चालू असताना कार्बन काढून ठेवायचा आणि उपचार संपल्यावर नवा घालायचा, हे बहुतेकांना माहीत असतेच.

फॉस्फेटच्या बाबतीत मोजमाप नसेल तर खरोखरच नुकसान होते. सर्वाधिक वापरला जाणारा मीडिया म्हणजे लोहाच्या ऑक्साइड-हायड्रॉक्साइडचे तपकिरी दाणे, ज्याला आपण जीएफओ म्हणतो. पिण्याच्या पाण्यातून आर्सेनिक काढण्यासाठीही हाच पदार्थ वापरला जातो. फॉस्फेटचे रेणू या दाण्यांच्या पृष्ठभागावरील लोहाशी घट्ट जोडले जातात आणि परत सुटत नाहीत. सिलिकाही तो काही प्रमाणात धरतो. काम अत्यंत चोख करतो, आणि धोका आहे तो त्याच्या याच चोखपणात. प्रवाळांच्या पेशींत राहणाऱ्या शैवालांना फॉस्फेट लागतेच. साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की, पाण्यात नायट्रेट भरपूर असताना फॉस्फेटची उपासमार झाली तर प्रवाळ उष्णतेने आणि प्रकाशाने पांढरे पडण्याची शक्यता वाढते. घरच्या टाकीत असेच घडते: नायट्रेट वीस-पंचवीस पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम), फॉस्फेट नव्या जीएफओमुळे शून्य, आणि एप्रिल-मे महिन्यांत चिलरची (पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्राची) दमछाक होऊन पाणी २९ अंशांवर गेलेले. त्याच शून्यावर डायनोफ्लॅजेलेट्स या एकपेशीय सूक्ष्मजीवांची तपकिरी, धाग्यांसारखी, बुडबुडे अडकलेली बुळबुळीत वाढ वाळूवर पसरते, आणि ती घालवणे फॉस्फेट घालवण्यापेक्षा कितीतरी अवघड असते.

साधा हिशेब करून पाहावा. कोरड्या मत्स्यखाद्यात साधारण एक टक्का फॉस्फरस असतो, असे धरू. एक ग्रॅम खाद्यात मग दहा मिलिग्रॅम फॉस्फरस, म्हणजे फॉस्फेटच्या हिशेबात सुमारे तीस मिलिग्रॅम. टाकीत २०० लिटर पाणी असेल आणि हे सगळे पाण्यात उतरले, तर आकडा ०.१५ पीपीएमने वाढेल. प्रत्यक्षात त्यातला काही भाग माशांच्या अंगी लागतो, काही स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारे यंत्र) काढतो, काही शैवाल घेते. तरीही रोज सकाळ-संध्याकाळ चिमूटभर जास्त पडणारे खाद्य हा किती मोठा स्रोत आहे, हे यावरून दिसेल. ज्या घरात मुले, आजी-आजोबा आणि मदतनीस असे सगळेच प्रेमाने माशांना खाऊ घालतात, तेथे मीडियाचा पहिला डबा घेण्याआधी खाद्याचा डबा एका माणसाच्या ताब्यात द्यावा.

मऊ प्रवाळांच्या टाकीत फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या दरम्यान आणि नायट्रेट पाच ते दहाच्या आसपास असले, तर बहुधा काहीही करण्याची गरज नसते. मात्र हे मोजण्यासाठी साधन योग्य हवे. गोड्या पाण्याच्या टाक्यांसाठी मिळणाऱ्या रंगाच्या किटवर पहिली पायरी शून्य आणि दुसरी ०.२५ असते, सगळा महत्त्वाचा पल्ला त्या दोन पायऱ्यांच्या मध्येच येतो. त्यासाठी छोटा डिजिटल फोटोमीटर घ्यावा. काही फोटोमीटर फॉस्फेटऐवजी फॉस्फरसचा आकडा पीपीबीमध्ये (पीपीएमच्या हजाराव्या भागात) दाखवतात, त्याला ३.०७ ने गुणून हजाराने भागले की फॉस्फेटचा पीपीएम मिळतो. हे यंत्र महाग वाटते. परंतु काहीही न मोजता वर्षभर घेतलेल्या मीडियाचा खर्च मांडला, तर ते महाग ठरत नाही.

फॉस्फेट खरोखरच ०.३ किंवा ०.५ वर गेले असेल, तर जीएफओ जरूर वापरावा, पण डब्यावरच्या मात्रेच्या एक चतुर्थांशाने, आणि दर दोन दिवसांनी मोजत. आकडा पहिल्या आठवड्यात झरझर उतरतो आणि मीडिया थकल्यावर पुन्हा चढतो, तेव्हा मीडिया नकली निघाला अशी तक्रार होते. खरे कारण वेगळे असते. टाकीतला चुनखडीचा खडक आणि वाळू यांनी कित्येक महिने फॉस्फेट आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवलेले असते, आणि पाण्यातले कमी झाले की ते हळूहळू परत सोडतात. पाण्यात दिसणारा आकडा हा एकूण साठ्याचा छोटासा भाग असतो. म्हणून घाईने मात्रा वाढवण्यापेक्षा थोडा मीडिया वारंवार बदलत राहणे प्रवाळांना सोसते. दाणे रिअॅक्टरमध्ये (मीडिया भरून पंपाने ज्यातून पाणी फिरवतात त्या बंद नळकांड्यात) अगदी हलके हलतील एवढाच प्रवाह ठेवावा. जोरात घुसळले तर ते एकमेकांवर घासून गंजासारखी भुकटी टाकीत येते, आणि मुळीच हलले नाहीत तर, विशेषतः क्षारता आणि कॅल्शियम जास्त असलेल्या पाण्यात, त्यांच्यावर चुना बसून त्यांचा दगडी गोळा होतो.

पांढऱ्या दाण्यांचे जे फॉस्फेट रिमूव्हर मिळतात ते बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे असतात. त्यातून थोडे ॲल्युमिनियम पाण्यात उतरू शकते आणि लेदर प्रवाळ त्याला मिटून प्रतिसाद देतात. आपल्या टाक्यांत लेदरच जास्त, तेव्हा ते टाळणे बरे. लँथॅनम क्लोराइडचे द्रावण, जे मुळात पोहण्याच्या तलावांसाठी वापरले जाते, फॉस्फेटला झपाट्याने खाली बसवते. पण त्याचा अतिसूक्ष्म पांढरा साका माशांच्या कल्ल्यांना त्रास देतो. बारीक फिल्टर सॉकमधून, थेंबाथेंबाने, अनुभवी माणसाच्या देखरेखीखालीच ते वापरावे. नवशिक्याला ते विकूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

झिओलाइटविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण त्याच्या नावाने सर्वांत जास्त दिशाभूल होते. ‘अमोनिया रिमूव्हर’ म्हणून जे फिकट दाणे मिळतात, ते गोड्या पाण्यात उत्तम काम करतात: त्यांच्या जाळीदार रचनेतला सोडियम बाहेर येतो आणि अमोनियम आत जाऊन बसतो. समुद्राच्या पाण्यात मात्र दर लिटरमध्ये दहा ग्रॅमहून अधिक सोडियम असते. एवढ्या गर्दीत अमोनियमला जागा मिळतच नाही. गोड्या पाण्यातले छांदिष्ट वापरलेला झिओलाइट पुन्हा ताजा करण्यासाठी तो मिठाच्या पाण्यात भिजवतात, कारण मिठाच्या पाण्यात तो धरलेले सगळे अमोनियम सोडून देतो. मग गोड्या पाण्याच्या टाकीतला वापरलेला झिओलाइट काटकसर म्हणून सागरी टाकीत घातला तर काय होईल, हे सांगायला नको. सागरी टाक्यांसाठी झिओलाइटवर आधारलेल्या काही खास पद्धती आहेत. पण त्या जीवाणू, त्यांचे खाद्य आणि रोजची निगा यांवर चालतात आणि त्यांचा उद्देश पाणी अतिशय निःसत्त्व ठेवण्याचा असतो. मऊ प्रवाळांच्या टाकीला त्यांचा उपयोग नाही. नाशिक, जळगाव आणि पुण्याच्या परिसरातल्या बसाल्टच्या पोकळ्यांत सापडणारे स्टिल्बाइट आणि ह्युलँडाइट हे झिओलाइट कुळातले स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत अभिमानाने मांडलेले आहेत. ते दिवाणखान्यात ठेवावेत, टाकीत नकोत. त्यांच्याबरोबर खडकातून कोणते धातू आले असतील, याची खात्री देता येत नाही.

पांढऱ्या मण्यांसारखी दिसणारी कृत्रिम रेझिन पिवळेपणा आणि सेंद्रिय द्रव्ये काढतात, थकली की तपकिरी होतात आणि ब्लीचच्या द्रावणात भिजवून पुन्हा वापरता येतात. हा गुण आकर्षक आहे. परंतु ब्लीचनंतर क्लोरीन पूर्ण घालवणारे द्रावण आणि भरपूर धुणे या दोन्ही पायऱ्या न चुकता पाळता येणार असतील तरच ती घ्यावीत. नाहीतर कार्बन बरा. तांबे पकडणारे रेझिनही असते. माशांवरच्या ठिपक्यांच्या रोगासाठी मोरचूद वापरलेली जुनी टाकी किंवा खडक विकत घेतला असेल, तर ते उपयोगी पडते. तरीही मोरचूद मुरलेला खडक प्रवाळांच्या टाकीत न घेणे हाच खरा उपाय, कारण खडक ते तांबे बराच काळ थोडे थोडे सोडत राहतो.

मीडिया ठेवायचा कुठे, हा प्रश्नही आपल्याकडे वेगळा आहे. मुंबईबाहेर अनेक ठिकाणी वीज तासन्‌तास जाते. बंद रिअॅक्टरमध्ये अडकलेल्या पाण्यातला प्राणवायू तेथले जीवाणू संपवून टाकतात आणि मग ते पाणी कुजू लागते. वीज परत आली की पंप तेच पाणी टाकीत ढकलतो. ज्यांच्याकडे इन्व्हर्टरवर फक्त एअर पंप चालतो, त्यांनी कार्बन जाळीच्या पिशवीत भरून संपमधल्या वाहत्या पाण्यात ठेवावा. रिअॅक्टरपेक्षा तो थोडा कमी काम करेल, पण धोका टळेल. रिअॅक्टर असलाच तर लांबलेल्या भारनियमनानंतर त्यातले पहिले पाणी बादलीत काढून टाकावे.

आता ज्या कारणासाठी हे पत्र वृत्तपत्राकडेच पाठवावेसे वाटले, ते सांगतो. वर लिहिलेले सगळे ग्राहकाने समजून घेतले, तरी डब्यात काय आहे हेच कळत नसेल तर त्याचा उपयोग नाही. परदेशी मीडिया मोठ्या पोत्यांतून येतो आणि झिपच्या पारदर्शक पिशव्यांत भरून विकला जातो. त्यावर कधी ‘मरीन कार्बन’, कधी ‘फॉस रिमूव्हर’ एवढेच मार्करने लिहिलेले असते; कधी तेही नसते. तपकिरी दाणे लोहाचे, पांढरे ॲल्युमिनियमचे की झिओलाइट, कार्बन करवंटीचा की लिग्नाइटचा, हे विचारले तर ‘इम्पोर्टेड आहे, बिनधास्त वापरा’ असे उत्तर मिळते. वैध मापनशास्त्राच्या आवेष्टित वस्तूंविषयीच्या २०११ च्या नियमांनुसार कोणत्याही बंद पाकिटावर उत्पादकाचे, पॅकिंग करणाऱ्याचे किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, वस्तूचे सर्वसाधारण नाव, निव्वळ वजन, महिना-वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क असणे बंधनकारक आहे. आयात मालावर मूळ देशही हवा. मत्स्यालयाच्या सामानाला यातून सूट नाही.

विक्रेत्यांना माझी विनंती आहे की, नियमांनी मागितलेल्या माहितीबरोबर आणखी चार गोष्टी पिशवीवर छापाव्यात: कार्बन असेल तर कच्चा माल आणि सक्रिय करण्याची पद्धत, फॉस्फेटचा मीडिया असेल तर तो लोह, ॲल्युमिनियम की लँथॅनम यांपैकी कशाचा, गोड्या पाण्यासाठी, खाऱ्या पाण्यासाठी की दोन्हींसाठी, आणि दर शंभर लिटरला सुरुवातीची मात्रा. चांगला माल आणणारे आणि ग्राहकाला नीट समजावून सांगणारे दुकानदारही आहेत. अशा माहितीचा फायदा सर्वांत आधी त्यांनाच होईल, कारण आज त्यांच्या महाग पण चोख मालाची तुलना बिनानावाच्या स्वस्त पिशवीशी होते. आपल्या पुरवणीनेही पुढच्या लेखात मीडियाच्या नावांपेक्षा पाणी मोजण्याच्या साधनांना अधिक जागा द्यावी, आणि शक्य झाल्यास पाषाणी प्रवाळांविषयीचा कायदा चौकटीत छापावा. अनेक नवे छांदिष्ट तो माहीत नसल्यामुळे अडचणीत येऊ शकतात.

ज्या ग्राहकांना अशी बिननावाची पाकिटे मिळतात, त्यांनी पावती मागून घ्यावी, रिकामी पिशवी टाकून न देता जपून ठेवावी, आणि आपल्या जिल्ह्याच्या वैध मापनशास्त्र कार्यालयात लेखी तक्रार द्यावी.

कळावे,
आपला नम्र,
एक सागरी मत्स्यपालक, ठाणे